सहाव्या क्रमांकाच्या बाजूने

२०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी एफसी तेरा संघांत सहावी आली. चोवीस सामन्यांत नऊ विजय, नऊ बरोबरी, सहा पराभव आणि ३६ गुण. केलेले गोल २९, खाल्लेले २८. पहिल्या आलेल्या मोहन बागानचे ५६ गुण झाले, तळाच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे १३. या दोन आकड्यांचा मध्य ३४.५ येतो, म्हणजे मुंबईचा संघ जवळजवळ नेमका मधोमध होता. अशा हंगामात सांगण्यासारखे काही नसते, असा समज वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपासून शहापूरच्या बाजारपेठेपर्यंत पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे, आणि ग्रामीण साहित्य मेळाव्याच्या या व्यासपीठावरूनच तो खोडायला हवा, कारण तो पसरवण्यात लिहिणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

हंगामाची सुरुवात १३ सप्टेंबर २०२४ रोजी कोलकात्यात झाली. त्याच सॉल्ट लेक मैदानावर चार महिन्यांपूर्वी, ४ मे रोजी, मुंबईने मोहन बागानला ३-१ असे हरवून करंडक नेला होता. या वेळी संघ दोन गोलांनी मागे पडला आणि २-२ अशी बरोबरी करून परतला. करंडक जिंकणारा संघ मात्र तो राहिलाच नव्हता. बचावातला राहुल भेके, मधल्या फळीतला आल्बेर्तो नोगेरा आणि आघाडीचा होर्हे परेरा डियाझ हे तिघेही बंगळुरूला गेले होते. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानकडे गेला होता. हंगाम संपला तेव्हा मोहन बागान पहिले होते, बंगळुरू तिसरे. अंतिम सामनाही याच दोघांत झाला. प्रत्येक फळीतला आधार काढून घेतल्यावर उरलेल्या संघाने ३६ गुण मिळवले. त्याला सुमार म्हणणाऱ्यांनी आधी ही बेरीज-वजाबाकी मांडावी.

संघ चुकलाच नाही, असा दावा कोणी करू नये. घरच्या मैदानावर पंजाबकडून ०-३ आणि डिसेंबरच्या अखेरीस नॉर्थईस्ट युनायटेडकडून पुन्हा ०-३ हे पराभव लाजिरवाणे होते. चोवीस सामन्यांत २९ गोल ही आघाडीची कमजोरी होती. तरी ११ मार्च २०२५ रोजी बंगळुरूच्या मैदानावर, साखळीच्या शेवटच्या सामन्यात, बाद फेरी गाठायला एक गुण हवा असताना संघाने तो सामना २-० असा जिंकला. अठरा दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, बाद फेरीत ०-५. लोकांच्या लक्षात राहिले ते हे पाच गोलच. शेवटच्या सामन्यावरून अख्ख्या हंगामाचा निवाडा करण्याची ही सवय आळशीपणाची आहे. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आलेल्या संघांचे प्रत्येकी ३८ गुण होते. मुंबईच्या नऊ बरोबऱ्यांपैकी एकीचा विजय झाला असता, तर तिसरा ते सहावा हे चारही संघ एकाच आकड्यावर आले असते. शिखरावर मोहन बागान आठ गुणांनी पुढे होते, तिथे मार्चमध्ये धडधडण्यासारखे काही उरले नव्हते. एका गोलाने हंगामाची दिशा बदलते ती गुणतक्त्याच्या मध्यभागी, आणि समर्थकाचा जीव खालीवर होतो तोही तिथेच.

या क्लबचा इतिहास पाहिला तरी मध्यभाग हा अपवाद ठरत नाही. २०१४ मधल्या स्थापनेपासून अकरा हंगामांतले साखळीतले क्रमांक असे आहेत: सातवा, सहावा, पहिला, सातवा, तिसरा, पाचवा, पहिला, पाचवा, पहिला, दुसरा, सहावा. अकरापैकी सहा हंगाम पाच ते सात या पट्ट्यातले आहेत. त्याहून बोलका मुद्दा असा की २०१६, २०२०-२१ आणि २०२२-२३ या तिन्ही अव्वल हंगामांच्या लगेच आधीचा हंगाम मधल्या क्रमांकाचाच होता. हा काही निसर्गनियम नव्हे. पहिल्या दोन वेळी प्रशिक्षक बदलला होता, आणि २०२० मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपचे भांडवलही पाठीशी होते. तिसऱ्या वेळची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे.

२०२१-२२ मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या पहिल्याच वर्षी गतविजेता संघ पाचवा आला. वीस सामन्यांत ३१ गुण. तेव्हा पहिल्या चारांनाच उपांत्य फेरी होती, त्यामुळे पाचव्याच्या हाती काही लागले नाही आणि प्रशिक्षकाला घालवा, अशी हाकाटी सुरू झाली. महिनाभरात हाच संघ रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीग खेळायला गेला. ११ एप्रिल २०२२ रोजी त्याने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असे हरवले. निर्णायक गोल कॉर्नरवर उडी घेऊन डोक्याने मारला तो मुंबईच्याच राहुल भेकेने. त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता. गटात सात गुण आणि दुसरा क्रमांक घेऊन संघ परतला. क्लबने प्रशिक्षक बदलला नाही. पुढच्या हंगामात सलग अठरा सामने अपराजित, ४६ गुण आणि साखळीतले पहिले स्थान. पाचव्या क्रमांकाला अपयश ठरवून मोकळे झालेल्यांनी त्यानंतर आपले म्हणणे मागे घेतल्याचे कुठे वाचनात आले नाही.

उलट उदाहरणही मुंबईचेच आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी २०१५-१६ मध्ये, तेव्हा देशाचा विजेता ठरवणाऱ्या आय-लीगमध्ये, नऊ संघांत पाचवा आला, वर चार, खाली चार. २००९ पासून संघ सांभाळणारे खालिद जमील त्यानंतर क्लबपासून वेगळे झाले. त्याच हंगामात ऐझॉल एफसी आठवा येऊन खालच्या गटात ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. जमील ऐझॉलला गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये हा डोंगराळ राज्यातला, तुटपुंज्या पैशांचा संघ देशाचा विजेता झाला. मुंबई एफसी त्या वर्षी दहापैकी दहावा आला, खाली गेला आणि पुढे बंदच पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. कमी पैशांत संघ वर्षानुवर्षे मधोमध टिकवून ठेवण्यात किती कौशल्य लागते, हे ज्यांना दिसले नाही त्यांच्या हातून संघच गेला.

आता स्पर्धा चालवणाऱ्यांकडे वळले पाहिजे. मधल्या क्रमांकाला खरा अर्थ येतो तो वरच्या आशेमुळे आणि खालच्या धोक्यामुळे. इंग्लंडमध्ये बाराव्या क्रमांकाच्या संघाचा समर्थकही एप्रिलपर्यंत तळाकडे पाहत हिशेब मांडतो, कारण तळाचे तीन संघ खाली जातात. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत एकही संघ क्रमांकामुळे खाली गेला नाही. आय-लीगमधून पंजाब आणि मोहमेडन वर आले, पण १३ गुणांवर संपलेल्या मोहमेडनला भीती नव्हती आणि १८ गुणांच्या हैदराबादलाही नव्हती. सहाव्या क्रमांकाला बाद फेरीचे दार उघडून वरची आशा ठेवली, तेवढे बरे झाले. खालचा धोका मात्र गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी बाजूला ठेवला गेला. त्या सोयीतून स्थैर्य तरी आले का? व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपत आला तरी पुढची व्यवस्था ठरली नव्हती, त्यामुळे सप्टेंबरमध्ये सुरू व्हायचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. त्याच डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप आपला हिस्सा सोडून मुंबई सिटीतून बाहेर पडला. भांडवल ये-जा करते. सातव्या क्रमांकापासून क्लबबरोबर असलेला समर्थक कुठेही गेला नाही, आणि निर्णयाच्या टेबलावर त्याला खुर्चीही नाही.

हा समर्थक फक्त अंधेरीत राहत नाही. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून रोज मुंबईला जाणाऱ्यांत तो आहे, आणि मुरबाड, सरळगाव, टोकावडे इथेही आहे. मुंबईच्या संघाशी खेड्यातल्या माणसाचे काय नाते, असे विचारणाऱ्याने भातसा आणि तानसा धरणे कोणत्या तालुक्यात आहेत ते आधी पाहावे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे. ते धरण ज्या तालुक्यात आहे त्याच शहापूरमधल्या पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. हे नाते एकतर्फी आहे, पण ते नाही असे कोणी म्हणू नये.

या समर्थकासाठी सामना पाहणे म्हणजे काय, तेही नोंदवले पाहिजे. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना साडेनऊच्या सुमारास संपतो. तिथून आझाद नगरची मेट्रो, घाटकोपरला उतरून मध्य रेल्वेची लोकल, पुढे आसनगावला रिक्षा. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणला उतरल्यावर इतक्या रात्री एसटीची खात्री नसते आणि खासगी गाडीचे भाडे परवडत नाही. म्हणून बरोबरीत अडकलेला सामना पंचाहत्तराव्या मिनिटाला सोडून उठावे लागते, आणि निकाल लोकलमध्ये मोबाइलवर कळतो. अशा माणसाला मोबाइलवरचा प्रेक्षक म्हणून हिणवणारे शहरी चाहते या संघाचे नुकसान करत आहेत. रविवारचे घरचे सामने संध्याकाळी पाचला ठेवले, तर सातच्या सुमारास सुटून ही माणसे दहाच्या आत घरी पोचतील. पाच वाजताचे सामने या स्पर्धेत होतच आले आहेत, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही.

दोष आपल्या बाजूलाही आहे. शहापूर-मुरबाडची खेळाची परंपरा बाद पद्धतीची आहे. गावोगावच्या मातीतल्या कबड्डी स्पर्धा, जत्रेतल्या कुस्त्या, भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरात टेनिस बॉलवर होणारे क्रिकेटचे सामने, सगळीकडे हरला तो घरी गेला. रात्री बक्षीस वाटले की स्पर्धा संपली. या पद्धतीत चुरस आहे, गावाचा उत्साह आहे, पण तिच्यात मधला क्रमांक अस्तित्वातच नसतो. पहिल्या फेरीत एका गुणाने हरलेला चांगला संघ आणि तयारीविना आलेला संघ दोघेही एकाच टेम्पोतून परततात. पाच महिने दर आठवड्याला उभे राहणे, हरून पुढच्या रविवारी पुन्हा उतरणे, हे साखळी शिकवते, आणि साखळी इथे रुजलेली नाही. १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातल्या मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा म्हणून शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. एका दिवसाचा उपक्रम म्हणून तो चांगला होता. मात्र चेंडूमागून पंच, प्रशिक्षक आणि पुढचा सामना यावा लागतो. आश्रमशाळांत दम आणि वेग असलेली मुले आहेत. त्यांना एका दिवसाचा सोहळा पुरत नाही.

लिहिणाऱ्यांची जबाबदारी इथे येते. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिले. त्या पानावर आज क्रिकेटमधून उरलेल्या जागेत फुटबॉलचा निकाल दोन ओळींत येतो. मराठीतली खेळाडूंची चरित्रे आणि आत्मचरित्रे बहुतांशी जिंकलेल्यांची आहेत. राखीव खेळाडू, दहा वर्षे एकाच संघात राहिलेला बचावपटू, सहाव्या क्रमांकाच्या संघाचा किटमन यांच्याविषयी कादंबरी सोडाच, धड व्यक्तिचित्रही सहसा सापडत नाही. खेड्यातल्या माणसाचे बहुतेक आयुष्य गुणतक्त्याच्या मधल्या भागासारखे जाते, असे सांगणारे साहित्य मराठीत विपुल आहे. तेच लेखक मैदानाकडे वळले की विजेत्याच्या दाराशी रांग लावतात. ग्रामीण साहित्याच्या नावाने मेळावे भरवणाऱ्यांनी या विसंगतीचे उत्तर द्यावे.

म्हणून या मेळाव्यापुढे मांडायचा ठराव असा. वासिंद, शहापूर, किन्हवली, डोळखांब, मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि धसई या आठ ठिकाणच्या शाळांचे फुटबॉल संघ घेऊन साखळी सुरू करावी. प्रत्येकाने दुसऱ्याशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळावे, म्हणजे प्रत्येकी चौदा आणि एकूण छप्पन्न सामने होतील. भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर डिसेंबरात सुरुवात आणि परीक्षांच्या आधी शेवट, सामने रविवारी सकाळी. ज्या गावात सामना, त्या गावाने पाहुण्या संघाच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च उचलावा. आश्रमशाळांचा दुसरा गट करावा. वरच्या गटातला आठवा संघ त्या गटात जाईल आणि तिथला पहिला वर येईल. हा नियम पहिल्या वर्षापासून लागू असावा, कोणत्याही देणगीदारासाठी तो शिथिल करू नये. आणि मेळाव्याच्या वार्षिक अंकात आठही संघांच्या हंगामाचा वृत्तांत सारख्या लांबीचा छापावा. चौथ्या आणि पाचव्या संघाचे वृत्तांत लिहिण्याचे काम इथे बसलेल्या लेखकांनी आजच आपापसांत वाटून घ्यावे.