दोन दिवस गोकर्णात



घरातील वडीलधारी माणसे बरीच वर्षे “एकदा गोकर्णाला जाऊन यायचे आहे” असे म्हणत असतात, मुलांचा समुद्रासाठी हट्ट चाललेला असतो, आणि मिळवत्या माणसाच्या हाती शनिवार-रविवारला जोडून आलेली एखादी रजा असते. गोमंतकातील आणि बेळगाव सीमाभागातील पुष्कळशा मराठी कुटुंबांत गोकर्णाच्या सहलीचा बेत असाच जन्माला येतो. बेत उत्तम असतो. पुढे कागद-पेन्सिल घेऊन मंडळी बसतात आणि तिथून त्याचा बिघाड सुरू होतो.

आत्मलिंगाच्या कथेशी निगडित अशी पाच शिवस्थाने या किनाऱ्यावर आहेत: कारवारचे शेज्जेश्वर, गोकर्णाचे महाबळेश्वर, कुमठ्याजवळचे धारेश्वर, होन्नावर तालुक्यातील गुणवंतेश्वर आणि भटकळ तालुक्यातील मुरुडेश्वर. “वाटेवरच आहेत” म्हणून ही पाचही यादीत येतात. मग “जाता जाता” याणाचे काळे सुळके, आणि “एवढे आलोच आहोत तर” जोगचा धबधबाही. कारवारपासून मुरुडेश्वरापर्यंतचे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे, आणि याणा व जोग ही ठिकाणे किनारा सोडून आत डोंगरात आहेत, याचा विचार त्या उत्साहात कोणी करीत नाही. परिणाम असा होतो की ज्या आजीसाठी हा प्रवास योजिला, ती दोन दिवस मोटारीत अवघडून बसते, देवापुढे अर्धा मिनिट उभी राहते आणि घरी आल्यावर आठवडाभर पाय चेपून घेते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असा योग पुन्हा केव्हा येईल, याची हमी कोणी द्यावी? म्हणून गोकर्णाच्या सहलीचे नियोजन करताना काय पाहावयाचे यापेक्षा काय पाहावयाचे नाही, हे आधी ठरविणे इष्ट. दोन दिवस असतील तर ते दोन्ही गोकर्णालाच द्यावेत.

तेवढे देण्याजोगे ते गाव आहे. उत्तरेस गंगावळी आणि दक्षिणेस अघनाशिनी या दोन नद्यांच्या मध्ये, पश्चिम समुद्राला लागून ते वसले आहे. कथा सर्वश्रुत आहे. रावणाने तप करून शंकराकडून आत्मलिंग मिळविले. लंकेस पोहोचेपर्यंत ते भूमीवर ठेवावयाचे नाही, अशी अट होती. विष्णूने सूर्य झाकला, संध्यावंदनाची वेळ झाली असे वाटून रावण थांबला, आणि बटूच्या वेषातील गणपतीने तीन हाका मारून लिंग खाली ठेवून दिले. रावणाने सर्व बळ लावून ते उपटू पाहिले. ते निघाले नाही, फक्त पिळवटून गाईच्या कानासारखे झाले. त्यावरून क्षेत्राचे नाव गोकर्ण आणि देवाचे नाव महाबळेश्वर. घाईने निघालेल्या प्रवाशाला जबरीने थांबविणारे हे क्षेत्र आहे, असे एखाद्याने गमतीने म्हटले तर ते अगदीच वावगे होणार नाही.

संस्कृत वाङ्मयाला हे स्थान जुने परिचित आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात दक्षिण समुद्रतीरावरील गोकर्णाच्या ईश्वराची सेवा करण्यास नारद निघाला असता त्याच्या वीणेवरील माळ इंदुमतीवर पडते, असा प्रसंग आहे. मराठी माणसाला अधिक जवळची वाटणारी घटना १६६५ सालची. बसरूरच्या आरमारी मोहिमेवरून परतताना शिवछत्रपतींनी त्या वर्षीच्या महाशिवरात्रीस येथे समुद्रस्नान करून महाबळेश्वराचे दर्शन घेतले. गोमंतकाशी असलेला संबंध तर नावानिशी टिकून आहे: काणकोण तालुक्यातील पर्तगाळच्या मठाच्या पूर्ण नावात गोकर्ण हा शब्द आजही आहे. ही माहिती मुलांना प्रवासातच सांगून ठेवावी. गर्दीत, रांगेत उभे असताना ती कोणाच्या कानी पडत नाही.

आता दिनक्रमाविषयी. येथे बहुतेकांची चूक होते ती वेळेची. महाबळेश्वराचे मंदिर पहाटे उघडते, दुपारी बंद होते आणि सायंकाळी पुन्हा उघडते. पाहुणे सकाळी आरामात निघतात, दुपारी एकच्या सुमारास क्षेत्री पोहोचतात आणि बंद दारापुढे उन्हात उभे राहतात. त्यापेक्षा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचून जेवण व विश्रांती घ्यावी, उन्हे उतरल्यावर समुद्रावर पाय भिजवावेत, आणि दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटेचे ठेवावे. पहाटे गल्ल्या गार असतात, रांग आटोपशीर असते आणि वृद्धांचे पाय ताजे असतात. परंपरेचा क्रम असा की प्रथम स्नान, मग महागणपती, त्यानंतर महाबळेश्वर. महागणपतीची मूर्ती द्विभुज व उभी असून तिच्या मस्तकावर खोलगट खूण आहे. रागावलेल्या रावणाने मारलेल्या प्रहाराची ती खूण, असे सांगितले जाते. लहान मुलांना ही खूण फार आवडते आणि ती पाहिल्यावाचून ती हलत नाहीत. त्यांना तेवढा वेळ द्यावा.

महाबळेश्वराचे लिंग शाळुंकेच्या आत खोल आहे. वरील छिद्रातून बोट घालून त्याचा स्पर्श घ्यावयाचा असतो. ज्यांनी दुरून तेजाळ, मुखवटा चढविलेले लिंग पाहण्याची सवय केली आहे, त्यांना हे दर्शन प्रथम अपुरे वाटते. पण क्षणभर थांबून केलेला तो स्पर्श पुढे बराच काळ बोटाला आठवतो, असा अनेकांचा अनुभव आहे. गाभाऱ्याकडे जाताना पुरुषांनी सदरा उतरवावयाचा असतो. धोतर किंवा पंचा सोबत ठेवल्यास आयत्या वेळची धावपळ वाचते. सोमवार, शिवरात्र, श्रावण आणि सलग सुट्ट्यांचे दिवस गर्दीचे. महाशिवरात्रीचा रथोत्सव पाहण्यासारखा आहे यात शंका नाही, पण निवांतपणाच्या अपेक्षेने त्या दिवसांत जाऊ नये. लाकडी महारथ एरवीही रस्त्याकडेला उभा असलेला दिसतो, आणि शांतपणे पाहिला तर त्यावरील कोरीव काम तेव्हाच नीट दिसते.

एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे अगत्याचे आहे. पुष्कळ कुटुंबे गोकर्णास पितृकार्यासाठी किंवा एखाद्या शांतीसाठी येतात. असे कार्य करावयाचे असल्यास ते सहलीच्या दोन दिवसांत कोंबू नये. त्यास सकाळपासून दुपार उलटेपर्यंतचा वेळ लागतो, उपवास असतो, मन जड झालेले असते. त्याच संध्याकाळी मुलांना घेऊन वाळूवर खेळावयास जाणे दोहोंपैकी एकाला तरी न्याय देत नाही. कार्यासाठी तिसरा दिवस जोडावा, उपाध्यायांशी आधी बोलून दिवस व खर्च ठरवावा, आणि बरोबरच्या लहानांना सांभाळण्यास घरचे एक माणूस मोकळे ठेवावे.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण सुरू झाल्यापासून मडगावहून सुमारे दोन तासांत गोकर्ण रोड स्थानक गाठता येते. सर्वच वेगवान गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. स्थानकापासून गावात जाण्यास रिक्षा मिळतात. वृद्धांना मोटारीपेक्षा आगगाडी सुखाची. पाय मोकळे करता येतात आणि खिडकीतून काळी नदीचा विस्तार दिसतो. बेळगावकडील मंडळी हुबळी-यल्लापूर मार्गाने अरबैल घाट उतरून अंकोल्यास येतात. घाटातील वळणांनी ज्यांना मळमळते त्यांनी आले-लिंबू जवळ बाळगावे.

ऋतूची निवड मात्र गांभीर्याने करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल. पावसाळ्यातील हिरवाई मोह घालते, हे खरे. परंतु १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे डोंगराचा कडा राष्ट्रीय महामार्गावर कोसळला, गंगावळीच्या काठची चहाची टपरी त्याखाली गेली आणि तेथे असलेल्या माणसांचे प्राण गेले. पुढे सुमारे तीन आठवड्यांनी कारवारचा काळी नदीवरील जुना पूल पडला. गोकर्णास जाणारा रस्ता तो हाच. अतिवृष्टीचा इशारा असताना रजा वाया जाईल म्हणून निघणे, हा हिशेब चुकीचा आहे. रजा पुन्हा मिळते.

मुक्कामासाठी खोली शोधताना दर्शनी भपक्याकडे पाहू नये. देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजल्यावर, गुडघे दुखणाऱ्यांच्या सोयीचे शौचालय असलेली आणि दुपारी वारा खेळणारी खोली असली की झाले. देवळाभोवतीच्या गल्ल्या अरुंद असल्याने मोटार लांब ठेवावी लागते, हे ध्यानात घेऊन सामान थोडके न्यावे. भाषेची अडचण फारशी येत नाही. कन्नड मुख्य असली तरी कोकणी समजते. जेवण साधे मिळते: भात, सार, ताक, नारळाच्या दुधातील किंवा ताकातील तंबळी, सकाळी नीरडोसा. किनारपट्टीवर थरांनी भरलेले एक आइस्क्रीम ‘गडबड’ या नावाने विकले जाते. निवांत सहलीत तेवढी एक गडबड क्षम्य मानावयास हरकत नाही. बाजारात गळाभर मण्यांच्या माळा घातलेल्या हालक्की समाजाच्या स्त्रिया भाजी घेऊन बसतात. त्यांच्याकडील ताजी भाजी आणि साणिकट्ट्याच्या मिठागरातील मीठ ही घरी नेण्याजोगी खरेदी, शिवाय ती वाया जात नाही.

समुद्राबद्दल थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. गावालगतचा किनारा लांबरुंद आहे. दक्षिणेस टेकडी ओलांडली की कुडले, त्यापुढे दोन अर्धवर्तुळांमुळे ‘ॐ’सारखा दिसणारा किनारा, आणि आणखी पुढे दोन लहान किनारे पायवाटेने लागतात. तरुणांनी ही पायवाट सकाळी अवश्य चालावी. मात्र वृद्धांना व लहान मुलांना गावचाच किनारा पुरेसा आहे. हा समुद्र दिसतो तितका सौम्य नाही. खडकांवर शेवाळ असते, लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि पोहता येणाऱ्या माणसांच्याही बुडण्याच्या घटना येथे घडलेल्या आहेत. पावसाळ्याच्या महिन्यांत पाण्यात उतरूच नये. एरवीही जीवरक्षक जेथे उभा असेल तेथेच, गुडघाभर पाण्यापलीकडे न जाता स्नान करावे. छायाचित्रासाठी खडकाच्या टोकावर उभे राहण्याची हौस घरातील थोरांनी वेळीच थांबवावी. “तीर्थाच्या ठिकाणी काही होत नाही” ही समजूत लाटेला ठाऊक नसते.

दुसऱ्या दिवशीची दुपार रिकामी राहते. ती रिकामीच ठेवावी. अगदीच कोणाला चैन पडत नसेल तर वीसएक किलोमीटरवरील मिर्जानचा किल्ला पाहून येता येतो. अघनाशिनीच्या काठचा हा जांभ्या दगडाचा किल्ला डोंगरावर नाही, त्यामुळे चढण्याचे कष्ट नाहीत. मिऱ्याच्या व्यापारामुळे प्रसिद्धीस आलेल्या गेरसप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीशी त्याचे नाव जोडले जाते. बाकीच्यांनी झोप काढावी आणि सायंकाळी कोटितीर्थावर जाऊन पायऱ्यांवर बसावे. चारी बाजूंनी घरे व लहान देवळे असलेला हा विस्तीर्ण तलाव आहे. कोणी स्नान करीत असते, कोणी पिंड सोडीत असते, पलीकडच्या घरात दिवा लागलेला असतो. आजी-आजोबा ज्या गोष्टी एरवी सांगत नाहीत त्या अशा जागी सांगू लागतात. कोणत्या वर्षी, कोणाबरोबर, बैलगाडीने की बोटीने आपले वडील येथे आले होते, ते निघते. त्या वेळी घड्याळ पाहणाऱ्याने थोडे दूर बसावे.

परतीची गाडी तिसऱ्या दिवशी सकाळची धरावी. रात्रीच्या प्रवासाने वाचणारे चार तास दुसऱ्या दिवशी अंगदुखीने भरून निघतात. स्वतःची मोटार असल्यास वाटेत कारवारला समुद्रकाठी चहासाठी थांबावे. १८८३ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर आपल्या न्यायाधीश बंधूंकडे येथे राहिले होते व ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाट्य त्यांनी येथेच लिहिले. तिथला किनारा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शेज्जेश्वराचे देऊळही कारवारातच आहे. वडीलधाऱ्यांनी आपण होऊन इच्छा दर्शविली तर तेथे जावे, नाही तर ते पुढील खेपेस ठेवावे.