स्पीकरची पेटी घरी बांधताना

स्पीकरच्या तोंडावर लावायचं विरळ विणीचं कापड नागपुरातल्या गांधीबागेच्या कापडबाजारात शोधता येईल; पण आवाज ठरतो त्यामागच्या पेटीवर. पेटीच्या भिंती थरथरल्या की त्या स्वतःच वाजू लागतात आणि तबल्याचा डग्गा गढूळ होतो. पेटी बोटाच्या पेराने ठोका: लांबलेला नाद नको, तुटक 'ठक्' हवा.

एक मार्ग ताठपणाचा: १८ मिलिमीटरचा प्लायवूड घ्या. समोरासमोरच्या भिंती आतून आडव्या पट्टीने जोडा. पट्टी ऐन मध्यावर नको, जरा बाजूला. मात्र नुसत्या ताठपणाने थरथर मरत नाही, वरच्या सुरात सरकते, आणि तिथे आपला कान फार तीक्ष्ण असतो. म्हणूनच बीबीसीच्या संशोधकांनी १९७७च्या अहवालात पातळ प्लायवूडला आतून डांबरी थर देण्याची बाजू घेतली. तो थर थरथरीची उष्णता करून टाकतो. मला हा दुसरा मार्ग घरच्या कारागिराला सोयीचा वाटतो. पेटीही हलकी राहते.

आत भरलेला पिंजलेला कापूस फक्त हवेचा घुमारा शोषतो, भिंती शांत करत नाही. कापसाने भिंतीही शांत होतात, हा गैरसमज फार आढळतो.

आणि नागपूरच्या मे महिन्यात डांबर मऊ पडतं. थर नुसता चिकटवू नका, बारीक खिळ्यांनीही पक्का करा.