टँकरच्या रांगेतली शेवटची घागर

भाकरी थापता थापता ऐकत असाल, विड्या वळता वळता ऐकत असाल, तर हात चालू राहू द्या. कान तेवढा इकडं असू द्या.

आज आम्ही आमच्याच बचत गटाच्या बैठकीत झालेलं भांडण सांगणार आहोत. भांडण म्हणजे हातघाई नाही, पण आवाज चढले होते. विषय होता फोन बनवणाऱ्या एका कंपनीचा. तुम्ही म्हणाल, सोलापूर जिल्ह्यातल्या तेरा बायकांचा आणि फोनच्या कंपनीचा संबंध काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

झालं असं, की आमच्यातल्या एकीचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. सुट्टीला आला तेव्हा बैठकीला येऊन बसला. म्हणाला, "मावशी, तुमच्या गटाचे साठ हजार नुसते पडून आहेत. त्यातले तीस हजार शेअरमध्ये घाला. एक फोनची कंपनी आहे. तिचा शेअर पूर्वी शेकड्यात होता, आता चहाच्या कपाच्या किमतीला मिळतोय. परत वर गेला की दहापट होतील." कंपनीचं नाव आम्ही सांगत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही.

दोन-तीन जणींचे डोळे चमकले. एक अक्का म्हणाल्या, "गरिबानं काय जन्मभर शंभर-शंभरच गोळा करायचे? मोठी माणसं शेअरमध्येच मोठी झाली ना?" हा प्रश्न खोटा नाही, आणि आम्ही त्याला हसलो नाही. पण त्याच महिन्यात आमच्यातल्या एकीनं पिठाच्या गिरणीसाठी गटाकडं कर्ज मागितलं होतं, तेही तीस हजारच. म्हणजे पैसे एकच आणि वाटा दोन.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या दोघींनी, इतके दिवस कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पोराच्या खात्यातून अशाच एका फोनच्या कंपनीचे शेअर घेतले होते. भाव पडला, तर स्वस्त झाला म्हणून अजून घेतले. परत पडला, परत घेतले. आठ हजार गेले आणि हातात अकराशे उरले. एकीनं त्यातले तीन हजार मुलीच्या कॉलेजच्या फीमधून काढले होते. घरी अजून माहीत नाही. सांगताना तिचा आवाज कापत होता.

मग आम्ही ठरवलं, की निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा. तोवर माहिती काढायची. जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

पहिला प्रश्न असा पडला, की फोन तर प्रत्येकाच्या हातात आहे, मग फोन बनवणारी कंपनी बुडते कशी?

आपली शेंगा चटणी घ्या. आपण दहा किलो शेंगदाणे आणतो, मोठा कारखानदार ट्रकभर आणतो. त्याला किलोमागं भाव कमी पडतो. पाकिटाची छपाई आपण पाचशेची करतो, तो लाखाची करतो. म्हणून आपलं पाकीट त्याच्यापेक्षा महाग पडतं, चव आपली चांगली असली तरी. फोनचंही तसंच आहे. फोनची काच, बॅटरी, आतली चिप हे सगळं बहुतेक कंपन्या बाहेरून विकत घेतात. जो कोटीत घेतो त्याला स्वस्त, जो लाखात घेतो त्याला महाग. वर मोठ्या कंपनीची जाहिरात गावोगावच्या भिंतीवर, तिचं दुरुस्तीचं दुकान तालुक्याला. लहान कंपनीनं भाव कमी केला तर तोटा, नाही केला तर गिऱ्हाईक जातं.

आणि फोन म्हणजे भेंडी आहे, ज्वारी नव्हे. ज्वारी कणगीत वर्षभर राहते. भेंडी दुसऱ्या दिवशी कोण घेतं? नवा फोन आला की दुकानातल्या जुन्याचा भाव पडतो.

मायक्रोमॅक्स आठवतो का? आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या घरी पहिला मोठ्या पडद्याचा फोन तोच आला. ही दिल्लीजवळच्या गुरुग्रामची कंपनी 2008 मध्ये फोनच्या धंद्यात उतरली. पहिला गाजलेला फोन महिनाभर चार्जिंग टिकणारा होता, लोडशेडिंगच्या गावांसाठी. 2014 च्या अखेरीला तर एका पाहणीत तिनं सॅमसंगलाही भारतात मागं टाकलं होतं. पण 2014 मध्येच चीनची शाओमी आली, ओप्पो-विवो पसरले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, सगळ्यांना 4जी फोन हवा झाला, आणि दुकानातल्या 3जी फोनकडं कोण बघेना. नोव्हेंबरात नोटबंदी झाली, रोखीनं होणारी विक्री थांबली. दोन वर्षांपूर्वी पहिल्या नंबरावर असलेली कंपनी मागं पडली. फोन वाईट होता म्हणून नव्हे, वारं फिरलं म्हणून.

दुसरा प्रश्न होता, की कंपनी बुडाली तर शेअरवाल्याचं काय होतं? याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. ते म्हणजे व्हिडिओकॉन.

छत्रपती संभाजीनगरची, तेव्हाच्या औरंगाबादची ही कंपनी. पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा मोठा कारखाना. रामायण-महाभारत बघायला सगळी गल्ली ज्या घरात जमायची, तिथला रंगीत टीव्ही कितीदा व्हिडिओकॉनचाच असायचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, आणि 2009 पासून मोबाईल फोनसुद्धा. मराठवाड्यातल्या कित्येक घरांची चूल त्या कारखान्यावर पेटायची.

मग कोरियाचे सॅमसंग आणि एलजी आले. एलजीनं तर पुणे जिल्ह्यात रांजणगावला कारखाना घातला. व्हिडिओकॉननं 2005 मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा टीव्हीच्या काचेच्या ट्यूबचा धंदा विकत घेतला, पोलंड-इटलीच्या कारखान्यांसकट. आणि त्याच सुमारास जगात भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही येऊ लागले. ट्यूब कुणाला नको झाली. पुढं कंपनी मोबाईलच्या सेवेत उतरली. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातले 122 परवाने रद्द केले, त्यात तिचेही होते. कर्ज वाढत गेलं. जून 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं.

आता नीट ऐका. मान्य झालेली देणी होती जवळपास 64 हजार 800 कोटी रुपये. जून 2021 मध्ये एका खरेदीदाराची बोली मंजूर झाली, ती होती 2,962 कोटींची. म्हणजे शंभर रुपये येणं असलेल्याला सरासरी चार रुपये. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला तर शंभरातला एक रुपयाही येत नव्हता. आणि शेअरवाल्यांना शून्य. बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या बँका त्याविरुद्ध अपिलात गेल्या, आणि जानेवारी 2022 मध्ये ती मंजुरी रद्द होऊन प्रकरण पुन्हा कर्ज देणाऱ्यांच्या समितीकडं आलं. बँकांकडं वकील असतात, त्या भांडू शकतात. पाच हजारांचे शेअर घेतलेली बाई कुठं भांडणार?

शेअरवाल्यांना शून्य का? कारण कायद्यानं रांग लावलेली आहे. उन्हाळ्यात गावात टँकर येतो, तेव्हाची रांग डोळ्यापुढं आणा. बुडालेली कंपनी विकून जे पैसे येतात, त्यातून आधी त्या कामकाजाचा खर्च. मग कामगारांचे ठरावीक थकलेले पगार आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका, एकाच पायरीवर. मग इतर नोकरदार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी आणि बाकीची देणी. आणि सगळ्यात शेवटी साधा शेअर घेतलेला माणूस. टँकर निम्म्या रांगेतच संपला, तर शेवटच्या घागरीत काय पडणार?

इथं आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आमचे मालक मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा पुढच्या रांगेतले असून आम्ही वर्षानुवर्षं खेटे घातले. शेवटच्याला कोण विचारतंय!" सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 मध्ये निघाली. नंतरच्या भोंग्यांवर या शहराचं घड्याळ चालायचं. आज ते भोंगे नाहीत. मोठा कारखाना बंद पडू शकतो, हे सोलापूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मग तो मुलगा म्हणाला, "ठीक आहे, लहान कंपनी नको. तिला हरवणारी मोठी घेऊ." त्याचंही उत्तर आम्ही शोधलं. टीव्हीत व्हिडिओकॉनला मागं टाकणाऱ्या एलजीनं फोनच्या धंद्यात इतका तोटा सोसला, की एप्रिल 2021 मध्ये फोन बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि नोकिया? एके काळी जगात विकल्या जाणाऱ्या दहा फोनांपैकी जवळपास चार नोकियाचे असायचे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला तिचा कारखाना 2006 मध्ये सुरू झाला. तिथं काम करणाऱ्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली फार होत्या. 1 नोव्हेंबर 2014 ला तो बंद पडला. पैसेवाल्यांचा तोटा पेपरात छापून आला. त्या मुलींनी घरी पाठवायची मनीऑर्डर थांबली, ती कुठल्या आकड्यात आली नाही.

म्हणजे मोठी आहे म्हणून टिकेलच असं नाही, आणि पडली आहे म्हणून उठेलच असंही नाही. शेअर पाच रुपयांचा असला म्हणजे तो स्वस्त असतो, हा सगळ्यात मोठा गैरसमज. पाच रुपयांचा शून्य होतो तेव्हाही आपले सगळेच पैसे जातात.

मग शेअर घ्यायचेच नाहीत का? तसं आम्ही म्हणत नाही. ज्यांना समजतं ते घेतात. पण समजणारी माणसं आधी काही प्रश्न विचारतात. ते लिहून घ्या.

एक, कंपनीवर कर्ज किती, आणि कमाईतून निदान व्याज तरी निघतं का?

दोन, माल खरंच गिऱ्हाइकाच्या घरी जातोय, की दुकानदाराच्या फळीवर साठतोय?

तीन, मालकानं स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का? घरच्यानंच डाग गहाण ठेवले असतील, तर पाहुण्यानं सावध व्हायला हवं.

चार, मोठ्यांकडं नाही असं हिच्याकडं काय आहे? आपल्या सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी स्वस्त नकलांशी झगडावंच लागतं. मग ज्या फोनला स्वतःचं असं काहीच नाही, तो कशाच्या जोरावर टिकेल?

पाच, हे आपल्याला सांगणारा कोण, आणि त्याला यातून काय मिळणार? व्हॉट्सॲपवर येणारा अनोळखी सल्लागार आपलं भलं करायला येत नाही. शेअरचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याला सेबीकडं नोंदणी करावी लागते. ती नोंदणी विचारा. सेबीचा फुकट नंबर 1800 22 7575 आहे. फोनवरून फसवणूक होऊन पैसे गेले, तर वेळ न घालवता 1930 ला फोन करा.

आणि सहावा प्रश्न आपला, बायकांचा. हे पैसे गेले तर कुणाचं काय अडेल? बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसामागं पाच लाखांपर्यंत विमा असतो. शेअर पडला तर त्याला विमा नाही. म्हणून फीचे, औषधाचे, बियाण्याचे पैसे तिकडं जायचे नाहीत. आणि गटाचे पैसे तर कुणा एकीचे नसतातच.

पुढच्या बैठकीत हात वर करून निर्णय झाला. गटाचे पैसे शेअरमध्ये जाणार नाहीत. कुणाला स्वतःचे घालायचे असतील तर तिचा अधिकार, पण घरात सांगून, आणि गेले तरी झोप लागेल एवढेच. त्या अक्का थोड्या रुसल्या. म्हणाल्या, "उद्या तो शेअर वर गेला तर मला बोलू नका." आम्ही म्हटलं, अक्का, जाईलही वर. पण ज्या रांगेत आपण शेवटी उभ्या आहोत, तिथं तेरा जणींची घागर ठेवायची नाही.

तीस हजार गिरणीला गेले. हप्ता दर महिन्याला येतोय आणि व्याज गटातच राहतंय. गिरणीचा आवाज तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू येतो. अक्काच सगळ्यात आधी दळण घेऊन गेल्या होत्या.

आणि ती आठ हजारांतली मैत्रीण? तिनं घरी सांगितलं. दोन दिवस अबोला झाला, मग मुलगीच म्हणाली, आई, पुढच्या वेळी मला विचार, मी वाचून सांगते. तुमच्या गटातही अशी एखादी कोपऱ्यात गप्प बसली असेल. या महिन्याच्या बैठकीत पैशाचा विषय निघाला, की तिला आधी बोलू द्या. आणि ती बोलेल तेव्हा हसू नका.

बरं, येतो आम्ही. दूध उतू जात असेल, बघा.