बॉम्ब कुठल्या बाजूने येतो?

9 एप्रिल 1945. उत्तर इटलीतली सेनिओ नदी. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी त्या संध्याकाळी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना बाहेर काढलं आणि मग एकट्याने जर्मन मशीनगनची ठाणी गप्प केली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजच्या या जवानाचा व्हिक्टोरिया क्रॉस श्रोत्यांना ठाऊक आहेच. त्याच दिवशी दुपारी, त्याच आघाडीवर घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

हल्ल्याआधी आठशेहून अधिक अवजड बॉम्बफेकी विमानं आली होती. त्यातल्या एका तुकडीचे बॉम्ब शत्रूवर न पडता दोस्तांच्याच पोलिश कोअरवर पडले. सुमारे 40 जवान ठार झाले, दीडशेहून अधिक जखमी.

वैमानिक बेफिकीर होते म्हणून असं होत नाही. ज्वारीच्या माळ्यावरून गोफण फिरवणारा आठवावा. जोर जरा कमी पडला, की धोंडा पाखरांच्या अलीकडे पडतो. अलीकडे बांध असेल तर बिघडत नाही. खुरपणाऱ्या बाया असतील तर? विमानातला बॉम्बही क्षणभर आधी सुटला तर अलीकडेच पडतो. शिवाय तेव्हा पुढच्या विमानाने बॉम्ब सोडले, की मागची सगळी विमानं सोडत. एका गोफणीची चूक दहांची होई.

म्हणून प्रश्न नेमाचा कमी, दिशेचा जास्त.

नॉर्मंडीत जुलै 1944 मध्ये अमेरिकन जनरल ब्रॅडली यांना विमानं आघाडीच्या रस्त्याला समांतर यायला हवी होती. ती आली आडवी, अमेरिकन सैनिकांच्या डोक्यावरून. 24 तारखेला 25 जण मेले. तरी दुसऱ्या दिवशी तीच दिशा! त्या दिवशी 111 ठार आणि 490 जखमी. लेफ्टनंट जनरल मॅकनेअर हेही त्यात गेले. सैनिकांना सुमारे 1200 यार्ड मागे घेतलं होतं, ते पुरलं नाही. दिशा चुकली, की ठेवलेलं अंतर अपुरं पडू शकतं.

खुणांचा गोंधळ वेगळाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फालेझजवळ कॅनडाच्या सैनिकांनी ओळखीसाठी पिवळा धूर सोडला. बॉम्बफेक्यांची लक्ष्यखूणही त्या दिवशी पिवळीच होती.

सेनिओची शौर्यकथा लिहिणाऱ्यांनी मात्र एवढं करावं: जाधवांच्या पराक्रमाशेजारी त्या दुपारच्या पोलिश मृतांचीही नोंद करावी.