धबधबा पाहिलात, आता झिरा पाहा

(जव्हार येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'माझी अंगकोरची सहल'. तो मी निम्माच पाळणार आहे. गेल्या हिवाळ्यात ख्मेर लोकांच्या देशात, म्हणजे कंबोडियात, सहा दिवस हिंडून आलो हे खरं. पण नुसते फोटो दाखवत बसलो तर तुम्ही घरी जाऊन म्हणाल, गुरुजींचे पैसे वसूल झाले, आपली संध्याकाळ गेली. शिवाय तिथं फिरताना मला सारखं जव्हार-मोखाडंच आठवत होतं. म्हणून आज एवढंच बोलायचं आहे : पाहुण्याला गाव दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं?

आमच्याबरोबर तिथला एक परवानाधारक गाइड होता. चाळिशीचा, भातशेती करणाऱ्या घरातला. अंगकोर वाट मंदिराच्या दारात शिरल्यावर सगळ्यांच्या माना वर, शिखरांकडे. यानं मात्र आम्हाला एका बाजूच्या भिंतीपाशी नेलं आणि म्हणाला, "या भोकात बोट घाला." वालुकाश्माच्या त्या चिऱ्यांत जागोजाग बोटभर भोकं आहेत. त्यांत खुंट्या ठोकायच्या, दोर अडकवायचा आणि चिरा उचलायचा. दगड कुलेनच्या डोंगरातला, कालव्यांतून वाहून आणलेला. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं हे मंदिर विष्णूसाठी बांधलं, ही माहिती पाटीवरही असते. पण भोकात बोट घातलं आणि नऊशे वर्षांपूर्वी दोर ओढणारा मजूर मला एकदम जवळचा वाटला.

मग त्यानं विचारलं, "हे बांधणारे राहत कुठं होते?" आम्ही इकडेतिकडे पाहिलं. काहीच दिसेना. त्या देशात दगड फक्त देवाच्या घराला. माणसाचं घर लाकडाचं, राजाचा वाडासुद्धा लाकडाचाच. वाळवीनं आणि पावसानं ते सगळं खाल्लं. देवांची घरं तेवढी उरली.

मंडळी, इथंच मला आपली शीव आठवली. आपल्याकडे येणारा पाहुणा हमखास विचारतो, "इथं प्राचीन मंदिर कुठलं?" मी बरीच वर्षं त्याला खोडाळ्याजवळ देवबांधच्या गणपतीला पाठवायचो. तिथं जावंच. पण आता त्याआधी मी त्याला शिवेवरच्या वाघदेवापाशी नेतो. झाडाखाली एक लाकडी खांब, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ कोरलेला, अंगावर शेंदूर. वाघबारशीला त्याची पूजा होते. खांब कुजला की नवा बसवतात, देव तोच राहतो. आता याचं वय पाहुण्यानं कसं मोजायचं? ख्मेरांनी देवाला दगडात ठेवलं आणि स्वतः लाकडात राहिले. आपण कारवीच्या कुडात राहिलो आणि देवालाही लाकडातच ठेवलं. आपल्या गावाला मंदिर नाही असं म्हणणाऱ्यानं एवढं पाहून मग बोलावं.

आणखी एक गंमत सांगतो. अंगकोर वाटच्या ओवरीत लंकेच्या युद्धाचा लांबच लांब शिल्पपट आहे. वानर राक्षसांना चावतायत, रावण दहा तोंडांनी उभा आहे. गाइड त्यांच्या रामायणाची, म्हणजे 'रामकेर'ची, गोष्ट सांगू लागला आणि पुढे म्हणाला की याचं मुखवट्यांचं नाटक अजून होतं, त्याला 'ल्खोन खोल' म्हणतात. नोम पेन्हजवळच्या स्वाय अंदेत या विहाराच्या गावात ते गावकरीच करतात, वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या नववर्षानंतर. स्थळदेवता प्रसन्न राहाव्यात आणि गावाचं भलं व्हावं म्हणून. 2018 साली युनेस्कोनं ते तातडीनं जपण्याच्या यादीत घातलं. मी म्हटलं, अहो, हा तर आमचा बोहाडा!

इथं बसलेल्यांना बोहाडा सांगायला नको. संबळ आणि पिपाणी वाजायला लागली, पलिते पेटले की गणपतीचं सोंग येतं, मग एकेक देव, राक्षस, शेवटी देवी. कुठलं सोंग कुठल्या घराण्यानं नाचवायचं याचे मान ठरलेले. रामखिंडीतले मुखवटे करणारे हात आपल्याला माहीत आहेत. तो जड मुखवटा डोक्याला बांधून घामाघूम होऊन नाचणारा रावण सकाळी शेतावर दिसतो. वाल्मीकींची पोथी न वाचता रामायण कुठं कुठं पोचलं, हे समजायला कंबोडियात जायची गरज नाही. मोखाड्याला रात्रभर बसलं तरी पुरे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. चौथ्या दिवशी गाइडनं आम्हाला देवळांपासून दूर नेलं. पश्चिम बाराय नावाचा तलाव आहे. लांबी आठ किलोमीटर, रुंदी दोनच्या वर. अकराव्या शतकातला, माणसांनी मातीचे बांध घालून केलेला. अजूनही त्यात पाणी असतं. त्यानं सांगितलं, "तुम्ही तीन दिवस दगड पाहिलात. पण हे शहर चालत होतं ते पाण्यावर." पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत आधी लांबलेले दुष्काळ आणि मधूनच बेफाम पाऊस, यांनी ती पाण्याची व्यवस्था मोडली, असं झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून संशोधक सांगतात. ख्मेरांची राजधानी अंगकोरहून हलली, त्याच्या कारणांत हेही एक.

मी हॉटेलवर आल्यावर सहज तिथलं पाऊसमान पाहिलं. वर्षाला साधारण चौदाशे मिलिमीटर. आपल्याकडे अडीच हजारांच्या वर पडतो! त्यांच्यापेक्षा आपल्याला ढग जास्त उदार. आणि आज आपण मे महिन्यात बसलो आहोत. इथून बाहेर पडल्यावर मोखाड्याच्या रस्त्याला लागा, टँकर भेटेल.

असं का होतं? त्यांची जमीन सपाट, पाणी थांबतं. आपली उतरती. कातळावर मातीचा पातळ थर, त्यात पाणी मुरायला जागा नाही. जुलैत जे पाणी दाभोशाच्या धबधब्यात तीनशे फुटांवरून कोसळतं ते पुढं निघून जातं. जे अडतं तेही आपल्यासाठी अडत नाही. मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण झालं, 2014 साली त्याचं लोकार्पण झालं. शंभर मीटरहून उंच भिंत, मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी. मुंबईला पाणी मिळू नये असं मी म्हणत नाही. माझी मुलगी तिथंच राहते, तिच्या नळाला हेच पाणी येत असेल. पण त्या भिंतीच्या वरच्या अंगाला डोंगरावर जे पाडे आहेत, त्यांनी ते पाणी नुसतं बघायचं.

याच उन्हाळ्यात अशाच एका पाड्यावर गेलो होतो. ओहोळाच्या पात्रात हातभर खोल खड्डा, त्याला आपण झिरा म्हणतो. एक बाई काठावर बसलेली. करवंटीनं पाणी काढायचं, फडक्यातून गाळून हंड्यात ओतायचं. पाच-सहा करवंट्या झाल्या की तळ लागतो. मग थांबायचं, पाणी पाझरून वर येईपर्यंत. तिच्या मागं चार हंडे रांगेत होते, माणसं नव्हती. हंड्यांचाच नंबर. मी विचारलं, "किती वेळ लागतो?" ती म्हणाली, "भरल तवा भरल, गुरुजी." कपाळाला आठी नाही. झिऱ्याकडे बघत राहिली. पाणी येताना दिसत नाही, आलेलं दिसतं.

त्या दिवशी मला अंगकोरच्या भिंतीतलं ते भोक आठवलं. आपल्या मुलखात बोट घालून पाहण्याची जागा ही आहे.

आता आपली सहल बघा कशी चालते. जुलै-ऑगस्टचा शनिवार-रविवार. मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात. हनुमान पॉइंटला धुकं, राजवाड्यात फोटो, दाभोशाला भिजणं, रस्त्यावर मक्याचं कणीस, संध्याकाळी परत. जाताना सगळे म्हणतात, काय स्वर्ग आहे! मागं बाटल्या राहतात. पाहुण्याची यात चूक काय? आपण त्याला एवढंच दाखवतो. आणि दुसरं टोक म्हणजे 1992. वावर-वांगणीत कुपोषणानं लहान मुलं दगावली आणि जव्हारचं नाव देशभर गेलं. तेव्हापासून बाहेरचा माणूस आपल्याकडे दोनच कारणांनी येतो, धबधबा बघायला नाहीतर कुपोषण बघायला. मधलं वर्षभराचं गाव कुणी पाहत नाही.

म्हणून मी एक चार दिवसांची सहल मनात आखली आहे. ती ऐका.

पहिला दिवस जव्हार शहराचा. राजे यशवंतराव मुकण्यांचा जयविलास राजवाडा, शिरपामाळ, जिथं 1664 साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज थांबले असं आपण सांगतो. आणि आणखी एक हिशेब सांगायचा. ख्मेरांचा अंगकोरचा काळ धरतात 802 पासून 1431 पर्यंत, म्हणजे सहाशे वर्षं. मुकण्यांचं हे कोळी संस्थान 1343 पासून 1948 ला विलीन होईपर्यंत, तेही सहाशे वर्षं! त्या संस्थानाच्या जन्माची कथा मुद्दाम सांगायची. मूळ पुरुषानं बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, समोरच्यानं हसत हो म्हटलं. यानं कातड्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि सगळा डोंगर वेढला.

दुसरा दिवस पाड्यावर. मुक्काम कुडाच्या घरात, जेवायला नागलीची भाकरी आणि घरात असेल ती भाजी. दाखवणारा त्याच पाड्यातला तरुण. चौकातली वारली चित्रं विकत घ्यायच्या आधी लग्नाचा चौक कोण लिहितं, का लिहितं, हे सवाशिणींकडून ऐकायचं. काही घरांना कुलूप दिसेल. पाहुणा विचारेल, माणसं कुठं गेली? तेव्हा "जगायला गेलीत" हे आपलं उत्तर त्याला ऐकू द्यायचं आणि भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांची वाट सांगायची.

तिसरा दिवस मोखाड्याचा. खोडाळा, देवबांध, सूर्यमाळ. शिमग्यानंतरचे दिवस असतील तर रात्री बोहाडा.

चौथ्या दिवशी सकाळी वैतरणेचं अडवलेलं पाणी लांबून पाहायचं, आणि दुपारी झिऱ्यावर जायचं. तिथं फोटो काढायचा नाही. एक हंडा भरून द्यायचा, करवंटीनं.

कुणी म्हणेल, गुरुजी, लोक सुट्टीला मजा करायला येतात, तुम्ही त्यांना हंडा भरायला लावता! आणि गावाच्या तहानेचा तमाशा करता. दुसरी शंका खरी आहे, तिचा मी विचार केला. म्हणूनच सहलीचा दर, कुठं न्यायचं आणि कुठं नाही, हे ग्रामसभेनं ठरवावं. आपले दोन्ही तालुके ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतात, तो अधिकार आपल्याकडे आहे. आणि पैशाचं म्हणाल तर अंगकोरचं एका दिवसाचं तिकीट 37 डॉलर आहे. त्यातले 2 डॉलर थेट कांथा बोफा या मुलांच्या दवाखान्यांना जातात. तिकीट काढणारा प्रत्येक माणूस नकळत एका आजारी पोराच्या औषधाला हातभार लावतो. वावर-वांगणीच्या तालुक्याला हे कुणी समजावून सांगायला हवं का? आपल्या सहलीतला ठरावीक वाटा त्या पाड्याच्या विहिरीला, बांधाला, टाकीला जावा. मग हंडा भरणारा पाहुणा तमाशा बघणारा राहणार नाही.

आज पाहुणा आपल्याकडे एक दिवस घेऊन येतो, बैलाच्या कातड्याएवढा. तो धबधब्यावर तसाच अंथरला तर धबधबाच झाकला जाईल. त्याच्या वाद्या काढल्या तर शिवेवरचा वाघदेव, बोहाड्याचा रावण, जगायला गेलेलं घर आणि झिरा, सगळं त्यात येईल. तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पहिली सहल पावसाळ्यात काढू नका. याच महिन्यात काढा. नावं आज दारापाशी लिहून घ्या. हंडा पाहुण्यानं आणायचा, करवंटी आम्ही देऊ.