सर्व्हेअर दारी येतो तेव्हा

मालकांशी बोलणी करण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु वादळाने बोरगाव मेघे येथील आमच्या घराचे छप्पर उडविले आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर दारी आला, तेव्हा आम्ही निमूट ऐकत राहिलो. विमा घराच्या किमतीहून कमी रकमेचा, म्हणून भरपाईही त्या प्रमाणात कमी, असे तो म्हणाला. रात्री पॉलिसी वाचली. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत अशी कपात करता येत नाही. लेखी हरकत घेतली, तेव्हा कपात रद्द झाली.

सर्व्हेअर नुकसान मोजतो. अखेरचा निवाडा त्याचा नव्हे. पडझडीची छायाचित्रे ठेवा, अहवालाची प्रत मागा. कंपनीने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कागद वाचल्यावाचून मान डोलावू नका, हे कामगारांना शिकविणारे आम्ही. स्वतःच्या दारात ते नव्याने शिकलो.