लहानसा मॉरिशस आणि त्याची मोठी मित्रमंडळी

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडा नीटनेटका करून लिहिला आहे.)



विषय फलकावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "साहेब, मॉरिशस कशाला? पार्किंगवर बोला की." पार्किंगसाठी वार्षिक सभा आहे आणि तिथं बोलणारे माझ्याहून तयारीचे आहेत. मी बँकेत आयुष्य काढलं. वर्तमानपत्रातल्या अर्थविषयक पानावर 'मॉरिशस मार्गे आलेली गुंतवणूक' हे शब्द इतकी वर्षं वाचले, की निवृत्त झाल्यावर ठरवलं, हा देश आहे तरी काय, एकदा नीट समजून घ्यावा.

आधी आकार सांगतो. आपला जालना जिल्हा साधारण ७,७०० चौरस किलोमीटरचा. मॉरिशस सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याचा पाव भाग धरा. आपली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांच्या वर होती, त्यांची साडेबारा लाखांच्या आसपास आहे. सैन्य म्हणावं असं सैन्य नाही, पोलीस दलातच एक सशस्त्र शाखा आणि तटरक्षक दल आहे. तेल नाही, लोखंड नाही. आणि तरीही भारत, चीन, फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका या सगळ्यांशी त्यांचं बोलणं चालू असतं, आणि बहुतेकांकडून त्यांनी काही ना काही पदरात पाडून घेतलेलं आहे. हे कसं जमतं?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. डच आले, १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले होते. पुढं सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथं गेले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. 'ॲग्रीमेंट'चं झालं 'गिरमिट', आणि मजूर झाला गिरमिटिया.

मराठवाड्यातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. आजही दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यातून बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून कुटुंबं कोयता घेऊन निघतात. मुकादमाची उचल आधी घेतलेली असते, फेड नंतर. फरक इतकाच, की इथला माणूस उन्हाळ्यात घरी परततो. तिकडं गेलेले बहुतेक परतलेच नाहीत.

त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, प्रामुख्यानं कोकणातले. त्यांची वस्ती बेटाच्या नैर्ऋत्येला, कास्काव्हेल वगैरे गावांच्या बाजूला जास्त. घरात आता क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुटी असते, आणि कोकणातली जाखडी अजून नाचतात. तिथल्या मराठी मंडळींचा महासंघ १९६० पासून आहे, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्याही आधीपासून.

स्वातंत्र्याची तारीख १२ मार्च १९६८. ही तारीख गांधीजींच्या दांडी यात्रेच्या दिवसावरून मुद्दाम निवडली. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये आफ्रिकेतून भारतात येताना तिथं उतरले होते, आणि त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे वकील १९०७ मध्ये मजुरांचे खटले लढवायला गेले. पण म्हणून सगळे स्वातंत्र्यासाठी आतुर होते असं समजू नका. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या पक्षाला पडली होती. त्या पक्षाचे नेते गाएताँ दुवाल. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी काय केलं? दीड-दोन वर्षांत याच दुवालना सरकारात घेतलं आणि परराष्ट्रमंत्री केलं! आज त्यांच्या हजाराच्या नोटेवर दुवाल आहेत आणि दोन हजाराच्या नोटेवर रामगुलाम.

नोटांचा विषय निघाला की माझं बोलणं लांबतं, पण हे ऐकाच. पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे नेते, शंभरच्या नोटेवर तमिळ, दोनशेच्या नोटेवर मुसलमान, पाचशेच्या नोटेवर बिहारी वंशाचे. १९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या, त्यात हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला. आधी तमिळ वर असायचा. तमिळ समाजानं एवढा विरोध केला, की बँकेला ती मालिका मागं घेऊन १९९९ मध्ये नव्यानं नोटा काढाव्या लागल्या. ज्या देशाला घरातच इतक्या जणांची मर्जी सांभाळावी लागते, त्याला बाहेर चार राजधान्यांशी एकाच वेळी गोड बोलणं अवघड जात नसावं, असं मला आपलं वाटतं.

जेम्स मीड म्हणून इंग्रज अर्थतज्ज्ञ, पुढं त्यांना नोबेलही मिळालं. त्यांनी १९६० च्या सुमारास लिहिलं होतं की वाढती लोकसंख्या आणि एकटा ऊस, या देशाचं काही खरं नाही. ते चुकले. ते का चुकले याचं बरंचसं उत्तर परराष्ट्र धोरणात आहे. १९७५ च्या लोमे करारात मॉरिशसनं युरोपला साखर विकण्याचा सर्वांत मोठा कोटा मिळवला, वर्षाला सुमारे पाच लाख टन, तोही हमीभावानं आणि बहुधा जागतिक बाजारापेक्षा पुष्कळ चढ्या भावानं. साखरेच्या भावावर आपल्या राज्यात सरकारं हलतात, तेव्हा याचं मोल तुम्हाला कळेल. त्या पैशातून पुढं कापड कारखाने आणि हॉटेलं उभी राहिली. २००९ मध्ये युरोपनं ही सवलत संपवली, तोवर देश एकट्या उसावर राहिलेला नव्हता.

आता माझ्या आवडीचा भाग. १९८२ मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर लावू नये, इतका साधा हेतू. त्यात एक कलम होतं: मॉरिशसच्या रहिवासी कंपनीनं भारतातले शेअर विकून नफा कमावला, तर त्यावर कर लावायचा हक्क फक्त मॉरिशसचा. आणि मॉरिशस अशा नफ्यावर कर लावतच नाही. झालं! १९९१ नंतर आपला बाजार उघडला तशी जगभरच्या गुंतवणूकदारांनी पोर्ट लुईमध्ये कंपन्या काढल्या. पैसा अमेरिकेचा, युरोपचा, आणि आपल्याकडचाच काही पैसा फिरून परत येतो असा आरोपही कायम होत राहिला. कागदावर सगळे मॉरिशसवाले. आमच्याकडं खातं उघडताना रेशनकार्ड, वीजबिल, ओळख देणारा सभासद मागायचे, आणि इथं एका प्रमाणपत्रावर कोट्यवधींचा कर माफ.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००३ मध्ये 'आझादी बचाओ आंदोलन' खटल्याच्या निकालात न्यायालयानं करार आणि ते रहिवासाचं प्रमाणपत्र दोन्ही वैध ठरवलं. मुद्दा असा, की करार सरकारनं डोळे उघडे ठेवून केला आहे, तो पटत नसेल तर सरकारनं बदलावा. मग बदलायला एवढी वर्षं का लागली? कारण प्रत्येक वेळी मॉरिशस म्हणे, आमचं निम्मं आर्थिक केंद्र यावर उभं आहे, आपलं नातं रक्ताचं आहे. आणि दिल्लीलाही हिंदी महासागरात मित्र हवा होता. शेवटी १० मे २०१६ ला दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर लावू शकेल, पहिली दोन वर्षं निम्म्या दरानं. जुन्या गुंतवणुकीला हात नाही. पुढं २०१८-१९ मध्ये गुंतवणुकीच्या यादीत सिंगापूरनं मॉरिशसला मागं टाकलं.

पण त्याच २०१६ मध्ये भारतानं मॉरिशसला ३५.३ कोटी डॉलरचं खास अर्थसाहाय्य दिलं. त्यातून मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचं रुग्णालय, घरकुलं झाली. मेट्रोचं काम आपल्या लार्सन अँड टुब्रोनं केलं. दोन गोष्टींचा संबंध कुठल्या कागदावर लिहिलेला नाही. मी मात्र कर्जफेडीची मुदत वाढवून मागणारे पुष्कळ ग्राहक पाहिले आहेत. इतकं शांतपणे काम करून घेणारा ग्राहक विरळाच.

आणखी एक तारीखवार गंमत. १ जानेवारी २०२१ ला मॉरिशसचा चीनशी मुक्त व्यापार करार लागू झाला, चीनचा आफ्रिकी देशाशी असा पहिलाच. १ एप्रिल २०२१ ला भारताशी व्यापक आर्थिक करार लागू झाला, भारताचाही आफ्रिकी देशाशी पहिलाच. मध्ये फक्त तीन महिने! राष्ट्रकुलात ते आहेत, फ्रेंच भाषिक देशांच्या संघटनेत आहेत, आफ्रिकी संघात आहेत. आणि आजही त्यांच्या खटल्यांचं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडं जातं.

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही. ज्या लंडनला ते अपील नेतात, त्याच लंडननं स्वातंत्र्य देण्याआधी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, चागोस ही बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली. मोबदला ३० लाख पौंड. रामगुलाम यांच्यासमोर स्वातंत्र्य आणि बेटं एकाच टेबलावर ठेवलेली होती. पुढच्याच वर्षी त्यातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, नारळाच्या बागांत काम करणारी दीड-दोन हजार माणसं होती. १९७३ पर्यंत त्या सगळ्यांना बोटीत भरून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. त्यांची कुत्री मारून टाकली. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत ही माणसं राहिली, आणि त्यांचं तिथंही कुणी फारसं स्वागत केलं नाही.

मॉरिशसनं हे प्रकरण सोडलं नाही. तोफा नव्हत्या, मग वकील नेमले. आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर २०१८ मध्ये लिझबी एलिसे या चागोसच्या बाईंचं म्हणणं क्रिओल भाषेत चित्रफितीवरून ऐकवलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. बेटावरून काढलं तेव्हा त्या विशीत होत्या आणि गरोदर होत्या, ते मूल वाचलं नाही. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयानं मत दिलं, की ही फाळणी बेकायदा होती आणि इंग्लंडनं तिथला कारभार लवकरात लवकर आवरता घ्यावा. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मॉरिशसच्या बाजूनं ११६ आणि विरोधात ६ मतं पडली. भारत ११६ मध्ये होता. आणि २२ मे २०२५ ला इंग्लंड आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं इंग्लंडकडं, आणि त्याबद्दल वर्षाला सरासरी दहा कोटी पौंडांहून थोडं जास्त भाडं.

मोठाच विजय आहे. पण करार नीट वाचला की खटकतं. चागोसच्या लोकांना इतर बेटांवर वसवता येईल, दिएगो गार्सियावर नाही. बहुतेकांची घरं तर तिथंच होती. त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार आहे की १९६५ मध्ये आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आताही विचारलं नाही.

म्हणूनच शेवटी आगालेगाबद्दल सांगायचं आहे, कारण तिथं आपला पैसा लागला आहे. मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे अकराशे किलोमीटरवर ही मॉरिशसचीच दोन छोटी बेटं, वस्ती तीनशेच्या आसपास. भारतानं तिथं तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. हा लष्करी तळ नाही असं मॉरिशस सरकार सांगतं. तिथले विरोधक आणि आगालेगाचे काही रहिवासी विचारतात, आमचं दुसरं चागोस तर होणार नाही ना?

मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं. त्याच वेळी हेही खरं, की पूर्वी मोठ्या आजारात बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला आता विमानानं पोर्ट लुईच्या रुग्णालयात नेता येतं. चिनी जहाजांवर लक्ष ठेवायला आपल्याला ती जागा उपयोगी आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. सार्वभौमत्व मॉरिशसचंच राहिलं, आणि तीनशे माणसं आपापल्या घरात, आपल्या नारळीखाली राहिली, तर भारत त्या बेटावर इंग्रजांपेक्षा वेगळा वागला असं म्हणता येईल. ते अजून दहा-वीस वर्षांनी कळेल. मी तेव्हा नसेन, इथं पुढच्या रांगेत बसलेली मुलं असतील.

आता प्रश्न विचारा. पार्किंग सोडून.